मुहूर्ताचं जिरं-गूळ

मुलाच्या लग्नाचा मुहूर्त मी खाल्ला आणि वर पाणी मागितलं.

त्याचं असं झालं. मुलानं तेलुगू घरातली मुलगी पसंत केली. घरी चार यंत्रमाग, टॉवेलचे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरची, मराठी आमच्याइतकंच सोलापुरी. अडून बसली होती ती एकटी मुलीची आजी. तिनं होकार दिला तो एका अटीवर: लग्न त्यांच्या रीतीनं, आणि मुहूर्तात चूक नको. म्हणून बायकोनं मला रिक्षातच बजावलं, "तुम्ही नवऱ्यामुलाचे वडील आहात. नुसतं बसायचं. कशाला हात लावायचा नाही."

मी बसलोच होतो की. सकाळपासून उपाशी, डोक्यावर फेटा. कुणीतरी माझ्याशेजारी एक ताट आणून ठेवलं. त्यात दोन विड्याची पानं, दोन्हींवर काळसर गोळे. वास घेतला. गूळ आणि जिरं. आमच्या मोहोळकडं पाव्हणा उन्हातून आला की आधी हातावर गूळ ठेवतात, मग पाणी देतात. म्हटलं, हे लोक त्यात जिरं घालत असतील, पित्ताला बरं. एवढा मान केलाय तर नको कसं म्हणायचं? दोन्ही गोळे संपवले. चव चांगली होती. समोर आजीच बसली होती, तिला म्हटलं, "आज्जी, पाणी मिळंल का?"

आजीनं आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तेलुगूत एकच वाक्य बोलली. बायकांची अख्खी रांग उठून उभी राहिली.

विहीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजावून सांगायला लागल्या. "दादा, ते नवरा-नवरीनं एकमेकांच्या डोक्यावर धरायचं असतंय. ते धरलं की लग्न लागलं. मंगळसूत्र मागनं."

"मुहूर्ताला किती वेळ आहे?"

"धा मिनिटं."

मुलगा पाटावरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. थेट कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गेलो. आचाऱ्याकडे जिरं होतं, गूळही होता. मिक्सरही होता, पण पाठोपाठ आलेल्या आजीनं त्याच्यावर हात ठेवला आणि मान हलवली. हातानंच कुटायचं. दोघी-तिघी पुढं सरसावल्या, त्यांना तिनं थांबवलं. मग शुद्ध मराठीत विचारलं, "खाल्लं कुणी?" आणि बत्ता माझ्या हातात दिला.

मी कुटत होतो, फेटा डोळ्यांवर उतरत होता. आजी बोटांनी चाचपून म्हणत होती, "अजून बारीक." बाहेर भटजींचा आवाज चढत चालला होता. शेवटी तिनं दोन गोळे पानांवर घेतले. ताट मात्र माझ्या हातात दिलं नाही.

पोचलो तेव्हा पडदा धरलेलाच होता. दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर गोळे ठेवले, सनई वाजली, अक्षता पडल्या. आजी तांब्या घेऊन आली. "आता प्या की पाणी," म्हणाली.

परतताना रिक्षात घर जवळ आल्यावर बायको म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं ऐकतेय, कुटायला बसलं की तुमचा खांदा दुखतो. उद्या शेंगाचटणी करायची आहे."