वर बीम, खाली आम्ही

आरे-वारेच्या रस्त्यावर एका छोट्या पुलाचं काम चाललंय आणि मी तिथला सेफ्टी ऑफिसर. म्हणजे क्रेनला लटकलेल्या लोडखाली कोणी जाऊ नये म्हणून दिवसभर शिट्टी फुंकणारा माणूस! मित्र म्हणतात, "एखादा नवा किस्सा सांग ना." अरे, आमच्याकडे किस्से शोधावे लागत नाहीत, ते डोक्यावरच लटकत असतात!

*

पहिल्याच आठवड्यात क्रेनचा हुक तपासला. हुकाच्या तोंडाला एक पट्टी असते, ती मिटली की लोड बांधलेला पट्टा, म्हणजे स्लिंग, सटकत नाही. आमची पट्टी उघडीच! का? तर तिच्यात लिंबू-मिरची बांधलेली!

"कोणी बांधलं हे?" मी किंचाळलोच.

ऑपरेटर सुभाष शांतपणे म्हणाला, "मीच. नजर लागून अपघात नको व्हायला, साहेब!"

*

एक बेल्ट स्लिंग अर्धा फाटला होता. मी म्हटलं, फेकून द्या. दुसऱ्या दिवशी तोच बेल्ट बीमला! मधोमध सुबक शिवण, तीही जाळ्याच्या दोऱ्याने. शिवणारा आमचा माणूस पूर्वी मच्छीमार बोटीवर होता.

"ह्याच दोऱ्यात म्हावरं धरलंय साहेब, तुटायचं नाय."

"अरे मेल्या, म्हावरं नाही, दोन टनांचा बीम आहे तो!"

त्याने जरा विचार केला. "मग दोन पदरी घालतो."

मी कोयता मागवून त्या बेल्टचे तुकडे केले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

*

बीम हवेत, आणि खालून शेजारचे बागवाले नाना निघालेले, काखेत छत्री!

"नाना, वर बघा, वर!"

"मी कशाला वर बघू? ही वाट माझ्या आजोबांपासूनची. टांगलंय तुम्ही, तुम्ही बघा!"

आणि हा सगळा वाद कुठे? बरोबर बीमखाली उभं राहून!

*

क्रेनला हाताने इशारे द्यायला एकच माणूस हवा. आमच्याकडे वाटेने जाणारा स्कूटरवालाही थांबून हात दाखवतो! एकदा सहा जणांनी सहा दिशा दाखवल्या. सुभाषने क्रेन थांबवली आणि खिडकीतून ओरडला, "तुमचं एकमत झालं की हाक मारा!"

तेव्हापासून सिग्नलमन एकच, गुरवदादा. गावच्या देवळातले गुरवही तेच.

*

शिमग्यातला किस्सा मात्र सगळ्यांवर कडी. बीम वर उचललेला, खांबावर टेकवायचा तेवढा बाकी, आणि वळणावर ढोल वाजला. गावदेवाची पालखी! पालखी ठरल्या वाटेनेच जाणार, आणि वाट आमच्या साइटमधून! साइटभोवती मी बांधलेली दोरी लोकांनी वर उचलली आणि पालखी आत घेतली. मी शिट्टी फुंकतोय, पण ढोलापुढे ऐकतो कोण? गुरवदादांनी सुभाषला 'थांब' असा हात केला, हेल्मेट काढलं आणि पालखीपुढे जाऊन उभे राहिले.

अख्खी वाडी बीमखाली! बायाबापड्या, कडेवर पोरं!

"अहो, हटवा पालखी! बीम आहे वर!" मी रडकुंडीला आलो.

पालखीचा खांदेकरी म्हणाला, "देवाला गाऱ्हाणं घातल्याबिगर पालखी हलत नाय, साहेब."

"मग घाला! लवकर घाला!"

मला आधार एवढाच, की वर केबिनमध्ये सुभाष बसलाय आणि त्याचा हात लिव्हरवर आहे. देवापेक्षा मी त्या क्षणी त्याच्यावरच भरवसा ठेवून होतो.

गुरवदादांनी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या पुलाच्या कामात कोणाच्या केसालाही धक्का लागू देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरांच्या डोक्यावरचं संकट दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळचा सगळ्यात मोठा आवाज अगदी माझ्या कानाशी आला. वळून बघतो तर डोळे मिटून, हात जोडून उभा सुभाष!