वाढलेलं पान

कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजल्याचा वास आला की असोद्यातलं ते चित्रीकरण आठवतं. आमच्या भागातल्या एका पंथाच्या पहिल्या महंतांवर चित्रपट निघत होता आणि मी बातमीसाठी गेलो होतो. दुष्काळात सगळ्यांना वाढून महंत शेवटी जेवतात, असा प्रसंग होता. पंगतीला पंथातलेच गावकरी बसवले होते आणि पानांवर भरीत-भाकरी वाढली होती. पहिला शॉट बिघडला, तेव्हा दिग्दर्शकाने पानं नव्याने मांडायला सांगितली आणि त्याची माणसं वाढलेली पानं उचलू लागली. एका म्हाताऱ्या आबांनी आपलं पान दोन्ही हातांनी धरून ठेवलं. या पंथात एखाद्याला वाळीत टाकताना त्याच्यापुढचं वाढलेलं पान उचलतात. "माह्यं पान काहून उचलता, भाऊ? म्या काय केलं?" "आबा, हे खोटं खोटं आहे हो, लगेच दुसरं वाढतील," दिग्दर्शक हसून म्हणाला. "पंगत खोटी नसते," आबा म्हणाले. तरी पान ओढून घेतलं गेलं. आबा उठले आणि चप्पल न घालताच निघून गेले. "ती जागा भरा," दिग्दर्शक म्हणाला. पुढे चित्रपट गाजला आणि धुळ्यात सरकारी अधिकाऱ्यांसमोर दिग्दर्शकाचं नैतिक नेतृत्वावर व्याख्यान झालं. "असोद्याचे एक आबा तर इतके भारावले, की स्वतःचं पान दुसऱ्यासाठी सोडून उठले," तो म्हणाला, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आबांना पंथातल्या कुणीही वाळीत टाकलं नव्हतं, पण त्यानंतर मरेपर्यंत ते एकाही पंगतीला बसले नाहीत. त्या व्याख्यानाची चित्रफीत अजून नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात दाखवतात.