मोशीच्या चौकातलं रडणं

मी एकदा मोशीच्या चौकात, भर उन्हात, ट्रॅफिकच्या साहेबापुढे खोटं खोटं रडले. रडणं इतकं झकास झालं की साहेबाने आपला रुमाल मला दिला. तेव्हा मी साठीचीही नव्हते, अक्कल यायला अजून अवकाश होता. पण आधी जिच्यासाठी रडले तिच्याबद्दल सांगायला हवं.

भोसरी-चाकण रस्त्याने जात असाल तर तुम्हीही ती पाहिली असेल. पोपटी स्कूटर, मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक आणि वर ताठ बसलेली बाई. पोलिओने तिचा डावा पाय लहानपणीच गेला होता. ती लातूरकडची. आमच्या कोपऱ्यातल्या खोलीत भाड्याने राहायची आणि चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कंपनीत ठेक्यावर वायरी जोडायची. गरीब स्वभावाची वगैरे अजिबात नव्हती. नळावर भांडायची. एकदा माझ्या वाळत घातलेल्या पापडांवरून गाडी नेली आणि वर मलाच म्हणाली, "काकू, पापड आडवा आला."

रस्त्यात कुणी अडवलं की ती गाडी बंद करायची, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधायची आणि हाताची घडी घालून म्हणायची, "कोणत्या नियमात बसत नाही, तेवढं लिहून द्या की."

लिहून कुणी देत नसे. एकाला चाकं खटकायची. दुसरा म्हणायचा, चाकं चालतील, पण कुबडी अडकवायला वेल्डिंग करून घेतलेली ही नळी चालायची नाही. आरटीओत एका खिडकीवर सांगितलं, बदलाची नोंद करून आणा. नोंदीच्या खिडकीवर सांगितलं, असल्या बदलाला नोंद लागत नाही. मग रस्त्यावर कधी नंबरप्लेट पुसट आहे म्हणून पावती, कधी नुसतंच 'जा, परत दिसू नका'. तोवर कंपनीचं गेट बंद आणि अर्धा दिवस खलास. ठेकेदाराने तिला बजावलं होतं, असंच चाललं तर मला दुसरी बाई बघावी लागेल.

आकुर्डीच्या एका वकीलबाईंनी तिला वाट दाखवली. पावतीवर एकदा खरं कारण येऊ दे, मग हा बदल चालतो की नाही ते कोर्टात विचारता येईल. तोंडी बोलण्याविरुद्ध दाद कुठे मागणार? तेव्हापासून ती त्या पावतीची अशी वाट बघायची, जशी आम्ही त्या वयात स्थळाच्या निरोपाची बघायचो.

तो रविवार होता. मी तिच्या मागे बसून मोशीच्या बाजारात कांदे आणायला निघाले होते. चौकात शिट्टी वाजली. साहेब नवा होता, तरणाताठा. तिने किल्ली बांधली, घडी घातली, नेहमीचं वाक्य म्हटलं. आणि तो चक्क म्हणाला, "देतो की. जादा चाकं आणि ही नळी, दोन्ही लिहितो." त्याने मोबाइल काढला, फोटो घेतला आणि टाइप करायला लागला. ती हसत असणार. मी पाठीमागे होते, मला दिसलं नाही. माझ्या बाजूने सबब काय ती एवढीच.

कारण मी खाली उतरले आणि पदर डोळ्याला लावला.

"साहेब, लंगडी पोर हाय. आई-बाप न्हाईत. तिला कायदा काय कळतोय? माझ्याकडं बघून सोडा तिला."

आई-बाप लातूरला धडधाकट होते. ती मागून माझा पदर ओढत होती. मला वाटलं, तिलाही गहिवरून आलं. मी आणखी जोर लावला. साहेबाने मला रुमाल दिला आणि मोबाइल खिशात टाकला. "जा मावशी," म्हणाला, "माझीपण आई आहे घरी."

परतीच्या वाटेवर ती खड्ड्यांनासुद्धा शिव्या देईना. मी मात्र गल्लीत दारोदार गोष्ट सांगितली, प्रत्येक दारात आधीपेक्षा थोडं जास्त रडून.

त्यानंतर मोशीच्या चौकात तिला 'बिचारी' म्हणून हात दाखवून सोडायला लागले. बाकी चौकांत मात्र पहिल्यासारखंच. काही महिन्यांनी चाकणजवळ एकाने गाडी टेम्पोत घालून नेली, तपासणीला म्हणे. ती कुबडी मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसून राहिली. गाडी सोडवायला खेटे घातले, तेव्हा लिहून घेतलं ते तिच्याकडूनच, चाकं आणि नळी काढून टाकीन म्हणून. तोवर ठेकेदाराने दुसरी बाई बघितली होती.

खोली सोडून ती लातूरला गेली. जाताना माझ्याशी चांगलं बोलली, नळावरच्या बायकांशी मात्र शेवटचं भांडून गेली. तिच्या दारात त्या जादा चाकांनी पाडलेले दोन चर अजून आहेत. पापड मी आता भिंतीला लागून घालते.

त्या रविवारी संध्याकाळी मी शिऱ्याची वाटी घेऊन तिच्या दारात गेले होते. शाबासकी घ्यायला, दुसरं काय. तिने वाटी घेतली, बाजूला ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाली,

"काकू, आज तुम्ही रडलात म्हणून मी सुटले. उद्या चाकणला कोण रडणार आहे?"