घाटनांदूरचा पहिला टेरॉन

घाटनांदूरच्या बाजारपेठेत मन्मथप्पांचं भांड्यांचं दुकान कुणालाही विचारा, लगेच सांगतील. फक्त हल्ली सांगताना लोक त्याला एक शेपूट जोडतात, "तेच की, वर्षावहिनीचं मोबाइलचं." हे शेपूट कानावर आलं की मन्मथप्पांच्या कपाळावर भस्माच्या तीन पट्ट्यांखाली चौथी आठी उमटते. बापाने थाटलेलं दुकान, स्वतःची उभी हयात त्या गादीवर गेलेली, आणि गावाने नाव लावावं सुनेचं! राग येणारच.

वर्षाराणी ही त्यांच्या बसवेशची बायको. लग्न होऊन आली तेव्हा चारचौघींसारखीच डोक्यावर पदर घेऊन आली, पण पदराखालचं डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं. एक दिवस सासऱ्यांना सरळ म्हणाली, "अप्पा, दुकानाच्या तोंडाशी हंडे मांडून ठेवलेत, ते लग्नसराईशिवाय हलत न्हाईत. तिथं मला एक काचेचं काउंटर टाकू द्या." अप्पांना वाटलं, पोर हौस करतेय, करू दे. रिचार्जपासून सुरुवात झाली, मग कव्हरं आली, फुटक्या काचा बदलणं आलं आणि मग नवे फोन. काउंटरचं तोंड रुंदावत गेलं तसे हंडे मागे सरकत गेले. वर्षाराणीचा स्वतःवर भरवसा असा की "हे येत न्हाई" असं तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. येत नसलं तर "उद्या या" म्हणायची आणि उद्यापर्यंत शिकून घ्यायची.

यंदा मात्र अप्पांनी मनात धरलं होतं. दिवाळीला मुरादाबादचं पितळ भरायचं, चांगलं ट्रकभर. त्यासाठी पुढची जागा मोकळी हवी. "तुझं काउंटर जिन्याखाली लाव," ते सुनेला म्हणाले. जिन्याखाली म्हणजे पोत्यांच्या आणि उंदरांच्या संगतीत. रस्त्यावरून दिसत नाही ते मोबाइलचं दुकान कसलं? वर्षाराणीला ते पक्कं ठाऊक होतं, आणि अप्पांनाही.

नेमकी त्याच सुमारास टेरॉनची हवा सुटली.

टेरॉन कंपनीचा नवा फोन येणार, एवढीच खरी बातमी. बाकीचं सगळं गावाने पदरचं घातलं. शेजारच्या चहाच्या हॉटेलचा मालक हनुमान या कामात पटाईत. सकाळी पहिल्या कपाबरोबर तो कुठल्यातरी ओरडणाऱ्या पोराचा व्हिडिओ बघायचा आणि दुपारपर्यंत त्याला स्वतःची फोडणी देऊन गिऱ्हाइकांना वाढायचा. टेरॉनला चार्जिंग लागत नाही, उन्हात ठेवला की झालं. टेरॉनला टॉवर लागत नाही, तो सरळ आभाळातून रेंज घेतो. टेरॉन ट्रॅक्टरच्या चाकाखाली घातला तरी फुटत नाही. शेवटी तर त्याने शपथेवर सांगितलं की टेरॉनचा कॅमेरा घाटनांदूरच्या स्टेशनवर उभं राहून धर्मापुरीच्या देवळावरची मूर्ती टिपतो.

"मधी डोंगर हाय की बे!" कुणीतरी म्हणालं.

"तीच तर त्याची कमाल हाय," हनुमान म्हणाला.

ही सगळी सभा भरायची वर्षाराणीच्या काउंटरपुढे. ती ऐकून घ्यायची, हसायची आणि मग एकेकाला जमिनीवर आणायची. "उन्हाचं खोटं हाय. ट्रॅक्टरचं करून बगू नका, पैसे बुडतील. कॅमेरा मात्र खरंच चांगला असणार." खोटं सांगून विकलेला फोन परत दारात येतो हे तिला कळत होतं. पण गंमत अशी की तिने जितकं खोडून काढावं, तितकी लोकांची ओढ वाढायची. मोहनरावांचा धाकटा विजयसिंह तर काउंटरवर थाप मारून बोलला. मोहनराव म्हणजे गावातले बडे जमीनदार, पंचायत समितीत वजन असलेलं घराणं. "वहिनी, ध्यानात ठेवा. घाटनांदुरात पहिला टेरॉन माज्या हातात दिसला पायजे." त्याचं ऐकून बाकीचेही सरसावले. दुसरा माझा, तिसरा माझा.

गादीवर बसलेले मन्मथप्पा हे सगळं बघत होते. एकदा गर्दी पांगल्यावर ते म्हणाले, "वर्षा, हे बोलणारे लोक हाईत. घेणारे न्हाईत."

"घेतील अप्पा."

"मग आपली अट. ज्या दिवशी तो फोन येईल, त्या दिवशी सांजेपर्यंत गावातल्या एकानं तरी माज्यासमोर रोख पैसे देऊन खोका फोडावा. फोडला तर पुढची जागा तुजी, मी पुन्हा शब्द काढणार न्हाई. न्हाई फोडला तर काउंटर जिन्याखाली."

"चालतंय," वर्षाराणी म्हणाली. विचार करायला तिने घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ घेतला नाही.

आता प्रश्न राहिला तारखेचा. कंपनी तोंड उघडेना आणि व्हिडिओवाले रोज नवी तारीख सांगत. राखीला येणार, पोळ्याला येणार, गणपतीत तर येणारच येणार. गणपती आले, गेले, टेरॉनचा पत्ता नाही. आणि विसर्जनाचा गुलाल कपड्यांवरून जायच्या आत कंपनीने तारीख सांगितली. वर्षाराणीला इतका आनंद झाला की तिने त्याच पावली रंगाऱ्याला गाठून फलक लिहून घेतला. अंबाजोगाईच्या ठोक व्यापाऱ्याशी बोलून टेरॉनचे खोके ठरवले, शिवाय हात लावून बघायला एक नमुन्याचा फोनही मागवला.

एक गोष्ट तिच्याकडून राहिली, आणि ती राहावी यात नवल नव्हतं. मन्मथप्पांचं घर लिंगायत. त्या घराने पितरांचा स्वयंपाक कधी केला नाही, कावळ्याला हाक घातली नाही. त्यामुळे कॅलेंडरातले भाद्रपदातले ते पंधरा दिवस त्या घराला बाकीच्या दिवसांसारखेच. वर्षाराणीने फोनची बॅटरी तपासली, कॅमेरा तपासला, किंमत तपासली. तिथी तपासली नाही.

ठरल्या दिवशी दुकानाला झेंडूचं तोरण लागलं. नमुन्याचा टेरॉन काचेवर ठेवला होता आणि त्याच्या मागे बंद खोके रचले होते. सकाळपासून माणसं येत होती. फोन हातात घेत होती, उलटासुलटा करत होती, स्वतःचा फोटो काढून स्वतःवर खूश होत होती. "लई भारी, वहिनी!" आणि मग फोन जपून खाली ठेवून म्हणत, "घट बसले की नेतो." दुसरा म्हणे, "दसऱ्याला पक्का." दुपार कलायला लागली तरी एकही खोका हलला नाही. शेवटी वर्षाराणीने हनुमानाला धारेवर धरलं. "हनुमानभाऊ, इतके दिवस टेरॉन टेरॉन करत होते समदे. आज कावून हात आखडता घ्यायलेत?"

हनुमानाने मान खाजवली. "वहिनी, पित्तरपाटा चालू हाय की. तुमच्यात नसतो, पर आमच्यात या दिवसांत नवी चप्पल सुदीक घेत न्हाईत. तारीख ऐकली तवा कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई बगा."

वर्षाराणीला स्वतःचाच संताप आला. लग्न होऊन इतकी वर्षं या गावात काढली, अख्खं गाव या दिवसांत काय करतं ते डोळ्यांनी बघितलं, आणि ऐन वेळी विसरली! बसवेशचा चेहरा उतरला. "आता गं?" तो हळूच म्हणाला.

"आता काय? सांज व्हायला येळ हाय," ती म्हणाली आणि काच पुसायला लागली.

तेवढ्यात विजयसिंहाची गाडी दारात उभी राहिली. त्याला पितर आठवत होते की नव्हते देव जाणे, पण खिसा फुगलेला होता. "वहिनी, काढा खोका!" त्याने खोका हातात घेतला, वरचं प्लास्टिक नखाने उचकटायला लागला.

"विज्या! ठेव ते खाली!"

रस्त्यावर केशरबाई उभ्या होत्या, विजयसिंहाची आई. हातातल्या पिशवीतून गवार आणि भोपळा डोकावत होता, म्हाळाच्या, म्हणजे श्राद्धाच्या, स्वयंपाकाची भाजी घ्यायला बाजारात आल्या होत्या. "परवा आज्याचा म्हाळ हाय तुज्या, आन् तू नवी वस्तू घरात आणायलास?" ज्याच्या आवाजाने ग्रामपंचायत दचकते त्या विजयसिंहाने मुकाट्याने खोका होता तिथे ठेवला.

वर्षाराणी आवाज न चढवता बोलली, "बराबर हाय काकू तुमचं. ज्याच्या त्याच्या मनाचं असतं. घटाला या, विजयदादांसाठी एक ठेवून देते."

केशरबाईंना ते बोलणं आवडलं. त्या पायरीवर आल्या आणि गादीकडे वळल्या. "बगा अप्पा, तुमच्या सुनेलाबी पटलं. असल्या वाईट दिवसांत नवी वस्तू नेतं का कुणी?"

मन्मथप्पांनी फक्त मान हलवायची होती. सकाळपासून ते काही न करता जिंकत आले होते, आणि पितळ दिवाळीच्या आत मांडून झालं असतं. पण 'वाईट दिवस' हे शब्द त्यांच्या घशाखाली उतरेनात. त्यांनी मांडी मोडली.

"वाईट कावून म्हणता, केशरबाई? गळ्यात लिंग असलेल्या माणसाला वाईट दिवस नसतो. समदे दिवस शिवाचे."

"म्हणायला काय जातंय अप्पा!" केशरबाई हसल्या. त्यांच्या हसण्यात खोट नव्हती, जुन्या ओळखीची थट्टा होती. "नांदायला आल्यापास्नं तुमचं घर बगते मी. पित्तराच्या दिवसांत तुमच्यात नवं काय आलंय, एक सांगा बरं."

पायरीवरची माणसं हसली. मन्मथप्पा आठवू लागले. साधा तांब्या, उपरणं, सुनेची साडी, काहीतरी. काहीच आठवेना. या दिवसांत बाजार थंड, म्हणून ते कधी माल आणायला गेले नव्हते, म्हणून घरातही काही आलं नव्हतं. तोंडाने जन्मभर शिवाचे दिवस सांगितले आणि हात मात्र गावाच्या सवयीने बांधलेले राहिले. म्हाताऱ्याला ते फार लागलं. चेहरा तांबडा झाला.

ते गादीवरून उतरले. चपला घातल्या. दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढत काउंटरपुढे येऊन उभे राहिले. या बाजूने त्यांनी स्वतःचं दुकान किती वर्षांत बघितलं नव्हतं कुणास ठाऊक.

"एक टेरॉन दे," ते सुनेला म्हणाले. "बसवेश, तिजोरीत पितळासाठी ठेवलेत त्यातले पैसे आण."

"अप्पा, तुमाला कशाला..."

"तू आण."

वर्षाराणीने खोका घेतला, पण काचेवर ठेवला नाही. "थांबा अप्पा. तुमी घेतला तर आपली अट पुरी होत न्हाई. घरच्या माणसानं घेतलेला मी धरणार न्हाई. मला दया नको."

सासऱ्याशी इतकं सरळ ती कधी बोलली नव्हती. बाजारपेठेचे कान टवकारले.

"दया?" मन्मथप्पा म्हणाले. "घरचा असतो तर गादीवर बसलो असतो. उंबऱ्याच्या भाईर उभा हाय, दिसंना का तुला? मी गिऱ्हाईक हाय. मालक तू."

ज्या माणसाला तिचं नाव दुकानाला लागलेलं खपत नव्हतं, त्याने भर बाजारात स्वतःच्या तोंडाने ते लावलं. तिने खोका काचेवर ठेवला. अप्पांनी नोटा तिच्या हातात दिल्या, करंगळीच्या नखाने प्लास्टिक फोडलं आणि फोन बाहेर काढला. पडदा उजळला तशी माणसं पुढे सरकली. विजयसिंह सगळ्यांच्या खांद्यावरून बघत होता. केशरबाईंनी आधी नाक मुरडलं, मग पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बगू तरी कसा हाय ते."

"बसवेश," मन्मथप्पांनी मान न वळवता सांगितलं, "औंदा पितळ भरायचं न्हाई. हंडे जिन्याखाली लाव."

मग फोन उजेडात धरून त्यांनी त्याची पाठ न्याहाळली, कडा बोटाने चाचपल्या, आणि मुरलेल्या गिऱ्हाइकाच्या सुरात विचारलं, "वर कव्हर फुकट देतीस ना?"

बसवेश मागून खुणा करत होता, दे म्हणून. वर्षाराणीने पदराने डोळे टिपले आणि कव्हरांचा खण उघडला.

"न्हाई अप्पा," ती म्हणाली. "कव्हरचे वेगळे पडतील."

मन्मथप्पांनी क्षणभर तिच्याकडे रोखून बघितलं. मग मोठ्याने हसले आणि बंडीच्या खिशात हात घातला. "बरं. काळं दाखीव."