वाय नावाचा तक्ता

नव्वदच्या दशकात मी जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत संगणकावर काम करायचे. चाचणीच्या शेतात कापसाच्या कोणत्या वाणाला किती उत्पन्न आलं, ते मी तक्त्यात भरायचे. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत अख्ख्या तक्त्याला एकच नाव देता यायचं आणि एका ओळीत सगळं गणित व्हायचं. माझ्या तक्त्याचं नाव होतं वाय, इंग्रजीतलं नुसतं एक अक्षर.

एका दुपारी, नवे वाण तयार करणाऱ्या आमच्या ब्रीडरसाहेबांचा वाण हिशेबात सगळ्यांत खाली आला. कैक वर्षांची मेहनत संध्याकाळच्या बैठकीत बाद होणार होती. साहेब म्हणाले, "बाई, मी रोज शेतात जातो. इतकी कमी बोंडं न्हाईत त्याला."

मी वाय पडद्यावर उघडला. मी भरलेले आकडे त्यात नव्हतेच. फ्लॉपीवरचा मूळ तक्ता पुन्हा घेतला आणि त्या संगणकावरचे आम्हा सगळ्यांचे प्रोग्राम एकेक चालवून दर वेळी वाय बघत गेले. माझ्या एका सहकाऱ्याचा जमिनीतली ओल काढायचा प्रोग्राम चालला, तसा वाय बदलला. त्यानेही आपल्या आकडेमोडीला तेच नाव दिलं होतं, आणि संगणकावर एका नावाखाली एकच तक्ता राहायचा.

"माझा प्रोग्राम तर बराबर चालून राह्यला," तो म्हणाला.

"बिलकुल बराबर. फक्त माझं ताट पुसून त्यात तुमचं वाढून ठेवतो."

तो हसला. त्याचा वाय त्याच्या प्रोग्रामपुरताच राहील, अशी दुरुस्ती त्याने लगेच केली. मी हिशेब परत काढला. साहेबांचा वाण मधोमध आला, म्हणजे आणखी एक हंगाम पेरून बघण्याइतका चांगला. साहेबांनी कागद घेतला, "मंग ठीक," म्हणाले आणि बैठकीला गेले.