डावा हात कामाचा

"दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात," डॉक्टर मला म्हणाले. "डायलिसिस लागेल. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास."

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम यंत्राने करायचं. रक्त बाहेर काढून, धुऊन परत अंगात सोडतात. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी मनात म्हटलं, आठवड्याला बारा तास मला कोणी हाक मारणार नाही. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार हाच आला.

कारण मी गोष्टी लिहिते, तेही चोरून. मुकुंदवाडीत आमच्या दोन खोल्या. दुष्काळाची वर्षं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. शहराच्या कडेला नवे मजले चढत होते आणि आमच्या गल्लीत टँकरसाठी ड्रमांची रांग. नवरा वाळूजच्या कंपनीत. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, मेंढरं विकून अजिंठ्याकडून आमच्याकडे राहायला आलेल्या. घरात कोणी नसलं की वही काढायची, कडी वाजली की ती गव्हाच्या डब्यामागे. एक गोष्ट दोन वर्षं अर्धीच पडली होती.

पायावर सूज होती, तोंडाची चव गेली होती. मी सगळं उन्हावर ढकललं. तुम्ही तसं करू नका.

आधी मानेत कॅथेटर, म्हणजे तात्पुरती नळी बसवली. हात मोकळे होते, नातेवाईक बाहेर बाकावर. कधी उलट्या व्हायच्या, कधी पोटऱ्यांत गोळे यायचे. पण बरं वाटलं की मी वही उघडायचे. लिहायला हक्काची जागा मला जन्मात पहिल्यांदा मिळाली, तीही रुग्णालयात!

मग फिस्टुला करायची वेळ आली. हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात, म्हणजे शीर जाड होते आणि पुढे सुया तिथेच टोचतात. शक्यतो कमी वापराच्या हातात करतात.

"कामाचा हात कोणता?" सर्जननी विचारलं.

"उजवा," आत्याबाई बोलल्या. "बाईमाणसाचा दुसरा कंचा असणार?"

मी डावखुरी. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आईची चापट बसायची. जेवण, वाढणं, हळदीकुंकू सगळं उजव्यावर आलं. पेन तेवढं डाव्यात राहिलं, आणि सासरी मला लिहिताना कोणी पाहिलंच नव्हतं. डावा म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, त्या हाताने करतेस काय? मी मूग गिळून बसले. ऑपरेशन डाव्या हातावर झालं.

दीड महिन्याने त्यात पहिल्यांदा सुया गेल्या. चार तास हात वाकवायचा नाही. सिस्टर थबकल्या. "अहो ताई, तुम्ही तर याच हातानं लिहिता ना?"

मला रडू फुटलं. ते थांबेना, म्हणून त्यांनी आत्याबाईंना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"लिवती? काय लिवती?"

"गोष्टी," मी म्हटलं.

"मंग तवा तोंड शिवलं व्हतं का तुजं?" त्या ओरडल्या. मग खाली बसल्या. "मीच उजवा म्हनले. माज्यामुळं झालं की गं."

त्या डॉक्टरांशी भांडूनही आल्या. डॉक्टर म्हणाले, "फिस्टुला छान चाललाय. आता बदलण्यात धोका आहे. तेव्हा सांगायला हवं होतं."

घरी तो हात मोकळाच असतो. पण घरी वेळ कुठे मोकळा असतो? डायलिसिसनंतर उरलेला दिवस अंथरुणात जातो, दुसऱ्या दिवशी टँकरचं पाणी भरायचं. डाव्या हाताने कळशी उचलायला बंदी, म्हणून फेऱ्या दुप्पट.

म्हणून मी उजव्या हाताने लिहायला शिकते आहे. अक्षर मुंग्यांसारखं कुठेही पळतं. पूर्वी एका बैठकीत चार पानं व्हायची, आता चार ओळी. ती गोष्ट अजून अर्धीच आहे आणि मला त्याचा राग येतो.

वही सरकते, म्हणून सिस्टरनी आत्याबाईंना आत बसू दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्या दोन्ही हातांनी वही धरून बसतात. हे लिखाण असंच, डायलिसिसच्या कित्येक फेऱ्यांत झालं. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर हात तुमचा आहे, उत्तर तुम्हीच द्या.

काल इथवर लिहून झाल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "मी त्या डाक्टरला उजवा हात म्हनले, ते बी लिवलंस का ह्यात?"

मी घाबरत म्हटलं, "लिहिलंय. खोडू का?"

त्यांनी सरकलेली वही परत नीट धरली.

"नको. राहू दी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाच्या सासूला तरी कळंल."