रानमांजर उठेपर्यंत

चिखलीच्या स्टँडवर धामणगाव बढ्याच्या गाडीचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "मापाडीभाऊ, रहीम डॉक्टर गेले!" मी त्याच्यावरच खेकसलो, सकाळी सकाळी काय अभद्र बोलतोस म्हणून. त्याला आता दीड महिना झाला… त्या बिचाऱ्याची माफी मागायची अजून राहिलीच आहे.

डॉक्टर तसे गुरांचे. पण रानमांजरांचा अभ्यास करायला बाहेरगावचे एक साहेब आले आणि पिंजऱ्यात सापडलेल्या मांजराला गुंगीचं इंजेक्शन द्यायचं काम डॉक्टरांकडे आलं. औषध वजनावर ठरायचं. कमी पडलं तर मांजर फाडून खाणार, जास्त झालं तर त्याचाच जीव जाणार. म्हणून त्यांनी मला, बाजारातल्या मापाड्याला, सोबत घेतलं. मांजरासकट पिंजरा तोलायचा आणि रिकाम्या पिंजऱ्याचं वजन वजा करायचं, एवढंच माझं काम. माझा काटा कधी चुकत नाही असा मला भारी तोरा होता हो!

एकदा पिलांना पाजणारी मांजरी सापडली. इंजेक्शन झालं, साहेब मापं घेऊन पुढे गेले, तरी ही काही उठेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिंजऱ्याची कुजकी फळी काढून मीच आदल्या दिवशी जाड सागवानी ठोकली होती, आणि वजा केलं होतं जुनंच वजन! औषध जास्त गेलं होतं.

"डॉक्टरसाब, मीच मारलं हिले."

"रडून काऊन राह्यला बे? श्वास मोज तिचे."

त्यांनी तिच्या उघड्या डोळ्यांत मलम घातलं, वर आपला रुमाल टाकला. ऊन सरकलं की तिला सावलीत सरकवायचं, पंजांना पाणी लावायचं… डबा तसाच पडून होता. दुपार कलल्यावर तिचा कान हलला. "उठ माय, पिल्लं वाट पाहून राह्यले," डॉक्टर तिला म्हणाले. दिवस मावळायच्या आत ती लटपटत उठली, मग नीट चालत झुडपात गेली. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर म्हणाले, "साहेबाले मी सांगतो, तू काही बोलू नको." साहेबांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मला वाटलं, भला माणूस आहे.

परवा डॉक्टरांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या मुलीनं कामाची वही माझ्यापुढे ठेवली. "चाचा, पानोपानी तुमचंच नाव आहे." मी त्या मांजरीच्या दिवसाचं पान शोधलं. फक्त तिथं माझं नाव नव्हतं. डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'आज वजन मी घेतलं. चूक माझी.'

मी त्या पोरीसमोरच मोठ्यानं भांडायला लागलो, "खोटं काऊन लिहिलं, डॉक्टरसाब? मले काऊन नाही सांगितलं?"… आणि मग मला रडूच आवरेना.